शुद्धिपत्राची रिकामी चौकट

रविवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास ती विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी जुन्या ग्रंथालयाची किल्ली मागायला गेली. काम साधे होते. तिच्या हातात एक कोरे हजेरीपत्रक, हिरव्या शाईचे पेन आणि परवाच्या शुक्रवारचा वार्तापत्राचा अंक होता. फाटकावरच्या वयस्क पहारेकऱ्याला सारे विद्यापीठ मामा म्हणे. मामांनी फळीवरून सर्वांत गंजलेली किल्ली काढली आणि तिथल्या वाचनकक्षात हल्ली फक्त पालीच अभ्यासाला बसतात, त्याही नापास होणाऱ्या, अशी माहिती पुरवली.

“सभा आहे, मामा,” ती म्हणाली. “अंकात छापलंय.”

मामांचे हसू मावळले. “छापलंय म्हणजे आहेच,” ते म्हणाले आणि किल्ली त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

हे वाक्य त्या परिसरात म्हणीसारखे वापरले जाई, आणि ते ऐकले की तिची मान आपोआप ताठ होई. वार्तापत्र चार पानांचे होते. व्याख्याने, रक्तदान शिबिरे, सामने, वसतिगृहातली नाटके, निवृत्त होणाऱ्यांचे सत्कार, एवढाच त्याचा संसार. पण चव्वेचाळीस वर्षांत त्यात एक चूक छापली गेली नव्हती. कार्यालयाच्या भिंतीवर पहिल्या संपादकांनी स्वतः टांगलेली एक काचेची चौकट होती. खाली पट्टी होती, ‘पहिल्या शुद्धिपत्रासाठी राखीव’. चौकट अजून रिकामी होती. दर शुक्रवारी तिची काच पुसली जाई. दोन-दोन वर्षांनी एक पदव्युत्तर विद्यार्थी संपादक होई. तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक सर, जे येत्या महिन्यात निवृत्त होणार होते, तेही सदतीस वर्षांपूर्वी याच खुर्चीवर बसले होते. तिला संपादक होऊन पाच महिने झाले होते. तिची आई शेजाऱ्यांना लेकीची पदवी सांगायला विसरे, पण चौकट सांगायला विसरत नसे.

आणि आता ती चौकट भरायची वेळ आली होती.

पानावर जागा उरली, की खरा मजकूर येईपर्यंत तिथे भरतीचा मजकूर टाकायचा, ही पहिल्या संपादकांपासूनची पद्धत. तो मजकूरही त्यांचाच, एकदा लिहिलेला आणि कधीच न बदललेला: ‘सभा. जुने ग्रंथालय, वाचनकक्ष. रविवारी दुपारी चार वाजता. संबंधितांनी उपस्थित राहावे.’ छपाईपूर्वी तो संपादकाने काढायचा. या खेपेला दीक्षान्त समारंभाच्या धांदलीत तो राहून गेला. तीन हजार प्रती वाटून झाल्यावर, शनिवारी सकाळी, तिला तो दिसला आणि तिच्या पायांखालची जमीन सरकली. डोळ्यांत तेल घालून जपलेले नाव तिच्या हातून जाणार होते.

ती रात्रभर विचार करत राहिली. नसलेली सभा छापली ही चूक खरीच. पण ती सभा झाली तर? वार्तापत्राचा नियम स्पष्ट होता: कार्यक्रमाला एक जरी माणूस आला आणि हजेरीपत्रकावर त्याची सही असली, तर कार्यक्रम झाला. हजेरीपत्रकाला तीन रकाने असत, सही, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. वेळ जागेवरच लिहायची. मागाहून भरलेली वेळ म्हणजे थाप. ती एकटी जाईल, सही करील, तासभर अंकाचे वाचन करील आणि परत येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. खोटे तर काहीच होणार नव्हते.

वाचनकक्षाचे दार फुगले होते. वेणी पाठीवर टाकून तिला खांदा लावून ते ढकलावे लागले, आणि ते एवढ्या मोठ्याने किंचाळले की तिने मागे वळून पाहिले. आत उंच खिडक्यांतून पिवळसर ऊन तिरके उतरले होते. सात-आठ रांगांत बाके होती. जुन्या डिंकाचा, वाळवीच्या औषधाचा आणि खाली कुठेतरी ओल्या शाईचा वास येत होता. हा शेवटचा वास तिला पटला नाही, कारण छपाईखाना इथून हलवून तीस वर्षे झाली होती. तिने दार आतून लोटून घेतले. समोरच्या टेबलावर हजेरीपत्रक ठेवले, सही केली, आल्याची वेळ लिहिली: तीन वाजून पन्नास मिनिटे.

बरोबर चारला तिने उभे राहून अंक वाचायला सुरुवात केली. आवाज प्रथम तिचा तिलाच परका वाटला. पहिले पान संपले. तिने अंगठा ओला करून पान उलटले, आणि त्याच क्षणी खोलीत आणखी काही पाने उलटल्याचा आवाज झाला.

तिने मान वर केली नाही. वाचत राहिली. दार किंचाळले नव्हते, हे तिला पक्के ठाऊक होते. दुसरे पान संपले. पुन्हा तसाच आवाज... एकाच वेळी, एका शिस्तीत.

तेव्हा तिने पाहिले. वेगवेगळ्या रांगांत सात जण बसले होते. सगळे तिच्याच वयाचे. प्रत्येकापुढे अंक उघडा होता आणि प्रत्येकाचे बोट ओळीवर टेकलेले होते. कपड्यांच्या तऱ्हा निरनिराळ्या होत्या, रुंद कॉलर, जाड भिंगे, एकीचा जुन्या पद्धतीचा अंबाडा. कोणी तिच्याकडे पाहत नव्हते. ते मजकूर तपासत होते.

थांबणे तिला सुचले नाही, किंवा धाडस झाले नाही. यांतले नक्की कोणते, हे तिला पुढेही ठरवता आले नाही. तिसऱ्या पानावर धावण्याच्या स्पर्धेची वेळ तिने घाईत चुकीची वाचली.

“पुन्हा...” तिसऱ्या रांगेतून हलका आवाज आला. “चौथी ओळ. पुन्हा वाच.”

तो आवाज ती दर मंगळवारी ऐकत असे. तिसऱ्या रांगेतल्या तरुणाचे केस दाट काळे होते, पण त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली होती, लहानपणच्या जखमेच्या खुणेने. ती भुवई तिच्या प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणावर ओणवलेली तिने पाहिली होती.

तिने चौथी ओळ पुन्हा वाचली. बरोबर वाचली. सातही माना एकदम किंचित हलल्या, आणि अंगावर काटा असताना तिला जे वाटले ते लिहून ठेवण्याजोगे आहे. तिला अभिमान वाटला. एवढ्या काटेकोर कानांपुढे तिने आजवर कधी वाचले नव्हते.

शेवटचे पान संपवून तिने सभा संपल्याचे सांगितले. कोणी उठले नाही. सगळे तिच्याकडे पाहू लागले होते, जशी आपली माणसे उशिरा आलेल्याला जागा करून देताना पाहतात, आणि चौथ्या रांगेत एक जागा रिकामी होती. तिने पिशवी उचलली, धावायचे नाही असे स्वतःला बजावत दारापर्यंत गेली, कुलूप लावले आणि पाचला दहा मिनिटे कमी असताना किल्ली मामांच्या फळीवर अडकवली. हजेरीपत्रक टेबलावरच राहिले होते.

सोमवारी ते पत्रक तिच्या आधी कार्यालयात पोहोचले होते. चाळीस वर्षे वार्तापत्राची प्रुफे वाचणारे, निवृत्तीनंतरही रोज येणारे काका त्याच्याकडे पाहत बसले होते. कागद मामांनी आणून दिल्याचे त्यांनी सांगितले. सहा वाजता मामा खिडक्या पाहायला गेले, तर तिनेच आतून गजांमधून तो त्यांच्या हाती दिला आणि काकांना द्यायला सांगितले.

“मी पाचच्या आधी निघाले होते, काका.”

“असशील.” त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. “पण गेल्याची वेळ लिहिली नाहीस, संपादकबाई.”

तिच्या सहीखाली आणखी सात सह्या होत्या. आल्याच्या रकान्यात त्या सातही जणांपुढे चार. गेल्याच्या रकान्यात कोणापुढेच काही नव्हते. मागाहून भरणे म्हणजे थाप, हे तिला काकांनीच शिकवले होते.

“भरतीचा मजकूर तुम्हाला प्रुफात दिसला होता का?” तिने विचारले.

काकांनी चष्मा पुसला. तो काढणे संपादकाचे काम, प्रूफवाल्याचे नव्हे, एवढेच ते बोलले. मग, जणू तिची समजूत काढावी तसे, त्यांनी चौकटीकडे बोट केले. चव्वेचाळीस वर्षांत चूक झाली नाही ती काय आपल्या दोघांच्या डोळ्यांमुळे, असे त्यांनी विचारले. त्यातला एक डोळा तर मोतीबिंदूचा.

मंगळवारी ती सरांकडे गेली. प्रकरण पुढे ठेवले, पण सरांनी ते उघडले नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते हळूच हसले.

“तिसऱ्या रांगेतला... केस काळेच आहेत ना अजून त्याचे?”

तिने मान हलवली.

“माझ्या लग्नातही नव्हते एवढे काळे,” सर म्हणाले. मग आवाज उतरवून सांगितले, की घाबरण्यासारखे काही नाही. आपण आपले आयुष्य जगतो. फक्त रविवारी चारच्या सुमाराला हात जरा गार पडतात. “आणि नाव राखल्याचा अभिमान वाटतो. तो मात्र खरा असतो.”

पुढच्या महिन्यात, सरांच्या सत्काराच्या आधीच्या गुरुवारी, ती सकाळी कार्यालयात शिरली तेव्हा नव्या अंकाचे प्रूफ टेबलावर होते. ते तिने अजून पाहिले नव्हते. तरी ते तपासलेले होते, हिरव्या शाईत, तिच्याच अक्षरात. व्याख्यानाची तारीख दुरुस्त केली होती: चौदाला गुरुवार नव्हे, बुधवार. तिने दिनदर्शिका पाहिली. बुधवारच होता. तिची छाती आधी फुगली आणि मग गार पडली.

चौथ्या पानावर सत्काराची सूचना होती. शनिवारी चार वाजता, मोठे सभागृह. त्यातली एक ओळ, ‘सर स्वतः उपस्थित राहून सत्काराला उत्तर देतील’, पेन्सिलीच्या बारीक सरळ रेघेने खोडलेली होती. समासात ‘काढा’ची खूण होती, शेवटी छोटीशी शेपटी असलेली. तशा शेकडो खुणा तिच्या प्रबंधावर होत्या. खिडकीबाहेरून, समोरच्या वर्गातून, सरांचा शिकवण्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

“त्यांची चूक झाली असेल...” ती म्हणाली.

“त्यांची आजवर झालेली नाही,” टेबलापलीकडून काका म्हणाले.

ती चौकटीकडे पाहत राहिली. ओळ काढली, तर नाव राहणार होते. ओळ ठेवली आणि सर आले नाहीत, तर काच उघडून तिथे तिची दुरुस्ती लागणार होती, कायमची. मग तिला मामांचे वाक्य आठवले. छापलंय म्हणजे आहेच. तिने हिरवे पेन उचलले आणि खोडलेल्या ओळीखाली टिंबे दिली, एकेक करून, नीट अंतर राखून. प्रूफवाल्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो: आहे तसे राहू द्या.

शनिवारी सकाळी निरोप आला, की सर पहाटे घरात कोसळले. रुग्णालयात आहेत, शुद्धीवर नाहीत. काकांनी चौकट भिंतीवरून उतरवली आणि टेबलावर ठेवली. तिने ती परत टांगली. “चार वाजू द्या,” ती म्हणाली.

चार वाजता सभागृहाच्या बाजूच्या दारातून सर आले. सगळे उभे राहिले, टाळ्या थांबेनात. सर ताठ चालत होते. निवृत्तीच्या दिवशी सरांनी केस काळे केले वाटतं, अशी मागे कोणी कोपरखळी मारली आणि चार जण हसले. ते अर्धा तास बोलले. विद्यापीठाबद्दल बोलले, वार्तापत्राबद्दल बोलले, आणि शब्द राखणाऱ्या माणसांबद्दल बोलताना त्यांनी वार्तापत्राच्या खुर्चीकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले. त्या क्षणी ती जगातल्या कोणाशीही जागा बदलायला तयार झाली नसती. निघताना त्यांनी हजेरीपत्रकावर सही केली आणि गेल्याची वेळही न विसरता लिहिली, पेन्सिलीने: पाच वाजून वीस मिनिटे. कागद परत देताना त्यांची बोटे तिच्या बोटांना लागली. ती बर्फासारखी होती.

रुग्णालयाने नंतर एवढेच कळवले, की त्या दुपारी खाट रिकामी होती आणि पांघरुणाची घडी घातलेली होती. घरच्यांनी नेले असावे, असे परिचारिकेला वाटले. घरच्यांनी नेले नव्हते. अंकात मात्र तिने लिहिले ते अक्षरशः खरे होते: सर उपस्थित होते. चौकट आजही रिकामी आहे.

सत्काराच्याच संध्याकाळी, ऊन अजून असतानाच, ती जुन्या ग्रंथालयाच्या खिडकीशी गेली. गजांवर कपाळ टेकवून तिने आत पाहिले. तिसऱ्या रांगेत एक पिकलेले डोके अंकावर ओणवले होते, ओळीवरचे बोट कापत होते. चौथ्या रांगेतली वेणीवाली मुलगी पुढे वाकली आणि तिने त्यांच्यासाठी हळूच पान उलटून दिले.