शेवटच्या माणसाची थाप

बसा रे. रेडिओवर वाऱ्याचा इशारा आहे, वणवा कधीही लागेल, आज कोणी घरी जाणार नाही. टँकर भरलाय, पाइप गुंडाळून ठेवलेत. मघाशी तुमच्यातल्या एकाने विचारलं, काका, रांगेत शेवटची जागा नेहमी टायरवाल्याचीच का? आता विचारलंय तर ऐका. मनचं काही सांगत नाही. अर्धं मी डोळ्यांनी पाहिलंय, अर्धं त्याने मला सांगितलंय, आणि तेव्हा त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता.

मागच्या वर्षी. मार्चमधला शनिवार, अमावस्येची रात्र. टायरवाला माझा जॅक परत करायला या शेडवर आला. आठ दिवसांसाठी नेलेला जॅक तीन महिन्यांनी आणला, वर म्हणतो, चहा नाही का? आधण ठेवलं. तेवढ्यात त्याचं बोलणं थांबलं, म्हणून मी वर पाहिलं. हा माणूस सहसा गप्प बसत नाही. शेडमागचा डोंगराचा उतार लाल झाला होता.

भोंगा वाजवला. जमले टायरवाला धरून पाच जण. रांगेचा पुढारी वेल्डर, आपला नेहमीचा. मी खाली टँकरपाशी.

धुरातून उतरायची रीत तुम्हाला शिकवलीय. एकामागे एक, हात पुढच्याच्या खांद्यावर. सगळ्यात मागचा थाप देतो, ती एकेक करत पुढे जाते. थाप म्हणजे, मागे सगळे आहेत, चला. थाप आल्याशिवाय पुढारी पाऊल उचलत नाही. पूर्वी शेवटी असायचा वेल्डरचा धाकटा भाऊ.

आदल्या वर्षी त्याच उतारावर टायरवाला धाकट्याच्या पुढे होता. धुरात अडखळला. पडता पडता त्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर आपटला. पुढच्याला वाटलं, थाप. त्याने ती पुढे दिली. रांग सुटली. टायरवाला उठून तसाच धावला. आपल्या खांद्यावरचा हात नाहीसा झालाय, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. खाली आल्यावर मोजलं, तर धाकटा नाही. वर ज्वाळा. वेल्डर निघाला होता, आम्ही तिघांनी त्याला धरून ठेवलं. धाकट्याचा देह सकाळी सापडला.

वेल्डर टायरवाल्याला एका शब्दाने बोलला नाही. रडलाही नाही. चौथ्या दिवशी दुकान उघडून कुणाचं तरी फाटक जोडून दिलं. जेवायचा, झोपायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. खरं सांगू? आम्हा सगळ्यांचंच तसं झालं होतं. वाईटसुद्धा नीट वाटेना. टायरवाला मात्र तेव्हापासून शेवटी उभा राहायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं.

तर त्या शनिवारी. आग आटोक्यात येत होती आणि वारा फिरला. वेल्डरने शिट्टी मारली. रांग लागली. हाताला हात दिसेना. वेल्डर थापेची वाट बघत उभा.

थाप टायरवाल्याने द्यायची. त्याचा हात उचलेना.

त्याला वाटलं, आपण शेवटचे. आपल्यामागे कोणी नाही. नक्की नाही ना...?

मागे गवत तडतडत होतं. जवळ. आणखी जवळ. पुढून कोणीतरी ओरडलं, "अरे दे की!"

हात बधिर.

आणि त्याच्या खांद्यावर थाप पडली.

मागून.

...

जोरात नाही. रोजच्यासारखी.

त्याने वळून पाहिलं नाही. हसू नकोस, तू तर मांजर आडवं गेलं तरी दचकतोस.

पुन्हा पडली.

त्याने ती पुढे दिली. रांग हलली.

खाली आले, मी मोजले. पाचही होते. माझा जीव भांड्यात पडला. वेल्डरने तोंडावरचं फडकं काढलं आणि विचारलं, "थापेला उशीर का?"

टायरवाला बुटांवरची राख झटकत राहिला.

"काय विचारतोय मी?"

"दादा... थाप मागून आली."

"तुझ्यामागे कोण होतं?"

...

मी पंप बंद केला. का केला, माहीत नाही. वेल्डर उताराकडे बघत होता. दुकानात किल्ल्या राहिल्या असं सांगावं, तशा आवाजात म्हणाला, "म्हणजे तो अजून वर आहे."

मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "अरे, बायको-पोरं आहेत तुझी. वर कोणी नाही आता."

त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. हळू. राग नव्हता त्यात.

"मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात."

आणि गेला. धुरात.

आम्ही हाका मारल्या. शिट्ट्या मारल्या. टायरवाला दोनदा मागे धावला, दोन्ही वेळा आगीने त्याला परत फिरवलं. मग आम्ही बसून राहिलो. त्याच्या बायकोला काय सांगायचं, याचे शब्द मी मनात जुळवत होतो. जुळत होते, याचीच मला भीती वाटली.

फटफटलं. वारा पडला. ओली गोणपाटं घेऊन आम्ही वर गेलो.

वेल्डर राखेत बसला होता. जिवंत. भुवया जळालेल्या, बाकी धड. सगळा उतार काळा. त्याच्या शेजारी मात्र, धाकटा सापडला होता त्याच जागी, एक माणूस आडवा होईल एवढा तुकडा जळलाच नव्हता. पिवळं, वाळकं गवत. दबलेलं. कोणी आत्ताच उठून गेल्यासारखं.

टायरवाला त्या तुकड्याच्या कडेलाच थांबला. माझ्या बुटांचे तळ तापत होते, एका जागी पाय ठरत नव्हता.

वेल्डरने त्या गवतावर तळहात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

"गार आहे," एवढंच म्हणाला.