फोटोत ती नाही

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर आमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अब्बा, म्हणजे महंमद हनीफ, तिथं पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता मी, मनाल, चालवते. फोनमध्ये भूत नसतं, बिघाड असतो, असं मी गिऱ्हाइकांना सांगत आले.

तेजस्विनी माझी शाळेपासूनची मैत्रीण, इथल्याच एका दवाखान्यात नर्स. तिचा साखरपुडा समर्थशी झाला होता. 'आता माझ्यापासून काय लपवायचं?' असा हट्ट त्यानं धरला, तेव्हा तिनं आपला उघड्या अंगाचा एक फोटो त्याला पाठवला. एकच. पुढं त्यानं नोकरी सोडायला सांगितली. तिनं लग्न मोडलं. त्याच संध्याकाळी त्यानं तो फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला. सकाळपर्यंत तो सगळ्या बाजारपेठेत पोचला होता.

त्यानंतरचा संताप अजून उतरलेला नाही. ज्यांनी फोटो पाहिला, साठवला, पुढं पाठवला, तेच चहा पीत विचारत होते, "पण तिनं पाठवावाच कशाला?" समर्थला कुणी काही विचारलं नाही. तो मैदानावर क्रिकेट खेळत होता. आम्ही दोघी तक्रार द्यायला गेलो तर हवालदार म्हणाला, "ताई, नाव तुमचंच खराब व्हईल. बघा बुवा." तिचे वडील धर्माजी तिला शिनोलीला आत्याकडं सोडून आले. तिचा फोन त्यांनी विहिरीत टाकला.

काही दिवसांनी भरदुपारी कापडवाले संपतशेठ दुकानात आले. मुलींचे बाप, गावात मान. फोन त्यांनी काउंटरवर पालथा ठेवला.

"एक फोटो पुसला जात न्हाई, मनाल."

"कुठला?"

त्यांनी फोन तसाच पालथा माझ्याकडं सरकवला. मला कळलं.

"तो मी बघणार नाही, शेठ. माझ्याकडं आणायला लाज कशी वाटली नाही?"

"ती न्हाई त्यात," ते म्हणाले. "मी हाय."

मी फोन उलटला. फोटोत आमचं दुकान होतं, रस्त्यावरून काढलेलं. काउंटरशी पाठमोरे संपतशेठ, घामानं पाठीला चिकटलेला सदरा, आणि त्यांच्या पलीकडं फोनवर वाकलेली मी. मी झटकन वर पाहिलं. रस्त्यावर ऊन होतं आणि उसाच्या रसाचा गाडा. कुणी नव्हतं.

"जेवताना उघडला तर जेवतानाचा दिसतो," ते म्हणाले. "परवा मोरीत व्हतो, तवा..."

मी सिम काढलं, इंटरनेट बंद केलं, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. सगळा फोन पुसून कोरा केला. फोटो जागेवर होता. फक्त संपतशेठ आता थोडे जवळून दिसत होते.

मग फोटो साठवणारे बाकीचे येऊ लागले. सगळे दुपारचे, एकेकटे, फोन पालथा धरून. एकजण रडकुंडीला येऊन म्हणाला, "मला न इचारता कोन काढतंय हे? घरच्यांनी बघितलं तर?"

त्याला स्वतःचं वाक्य ऐकू आलं नव्हतं.

मी शिनोली गाठली. तेजस्विनी बयाबाई आत्याजवळ घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं.

"तू काही केलंस?"

"माझ्याकडं फोन तरी आहे का?" ती म्हणाली. मग एका शेंगेची शीर ओढत म्हणाली, "पण आधी सारखं वाटायचं, कुणीतरी बघतंय. अंघोळीला गेले तरी. आता नाही वाटत."

"पोरगी झोपाया लागली," आत्या हळूच म्हणाली. "मंग मी काय इचारत न्हाई."

तेजस्विनीनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. "चल. तक्रार माझ्या नावानंच द्यायची."

ती दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी समर्थ आला. नव्या फोनचा सीलबंद खोका त्यानं माझ्यासमोर फोडला. फोन चालू केला.

फोटो होता.

स्क्रीनभर फक्त त्याची मान. कॉलरची कड. केसांच्या मुळाशी घामाचे थेंब.

"तिला सांग, थांबव म्हनावं. मी पाया पडतो."

"तिनं तुला हेच सांगितलं होतं. रडत. तेव्हा तू फोन कट केलास."

तो गर्रकन मागं वळला.

फोटोतली मानही वळली. पण चेहरा दिसला नाही.

मागं जे होतं, तेही त्याच्याबरोबर वळलं होतं.

तो दुकानातून सरळ पोलिसांकडं गेला आणि सगळं कबूल करून आला. तेजस्विनी दवाखान्यात परत रुजू झाली. अजून कुणी कुजबुजलं तर ती जवळ जाऊन मोठ्यानं विचारते, "काय म्हणालात?" ओतूरच्या हॉटेलांत आता भिंतीला टेकायची बाकं आधी भरतात. मधली रिकामी राहतात.

जुन्नरच्या कोर्टात पहिली तारीख होती. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं. व्हरांड्यातल्या बाकावर समर्थ पाठ आणि मान भिंतीच्या टाइल्सना घट्ट लावून बसला होता, पुकारा होईपर्यंत. मग उठून आत गेला.

मी त्या जागेकडं पाहिलं. कोरड्या, पांढऱ्या टाइलवर, त्याच्या मानेच्या उंचीला, काचेवर श्वासानं धरते तशी वाफ धरली होती. लहान, गोल.

ती संथपणे कमी होत होती, आणि पुन्हा वाढत होती.