शेपटीतलं कोडं

लाखांदूरहून नागपूरला जाणारी एसटी त्या दिवशी आमच्या आसगावच्या फाट्यावर पंक्चर झाली आणि स्टेपनीतही हवा नव्हती, म्हणून हे सगळं घडलं. स्टेपनीत हवा असती, तर मी आजही मुकाट्यानं लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरत बसले असते.

फाट्यावर माझं झेरॉक्सचं छोटंसं दुकान आहे. शेजारी रंभाबाईंची चहाची टपरी. त्या दिवशी श्रावणाची भुरभुर चालू होती, एसटीतली माणसं उतरून जिथे पत्रा दिसेल तिथे उभी राहत होती. मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

“फोन चार्जिंगले लावू देता का जी? दोनच टक्के बॅटरी उरली.”

कागद माझ्या हातातच फाटला. कारण तो आवाज टोंगळ्याचा होता.

टोंगळ्या म्हणजे कार्टूनमधला बगळा. आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात, आणि या बगळ्याच्या अंगात टोंगळ्यांशिवाय फारसं काही नाही. तो भुरी नावाच्या म्हशीच्या पाठीवर बसून जगाला सल्ले देतो, तेही आपल्या बोलीत. वर्षभरापूर्वी त्याचा पहिला भाग मला नेटवर सापडला आणि मी इतकी हसले, की सातबारा काढायला आलेले गोमाजीकाका काळजीत पडले होते. तेव्हापासून प्रत्येक नवा भाग मी उतरवून घ्यायची आणि व्हॉट्सअॅपवरच्या माझ्या अकरा गटांत पाठवायची. आसगाव, पवनी, पार मोहाडीच्या मावशीपर्यंत. टोंगळ्याची मी जणू पोस्टमनच होते, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

मी वळून पाहिलं. उंच, सडपातळ मुलगा, भिजलेले केस, पॅन्ट घोट्याच्या चार बोटं वर. टोंगळ्या कुणावरून काढला, हे विचारायची गरजच नव्हती.

“भुरी कशी आहे?” मी विचारलं.

तो चार्जर हातात धरून तसाच उभा राहिला. मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहून उगाच “जय भीम” म्हणाला, जणू बोलण्याआधी धरायला काहीतरी पक्कं सापडायला हवं होतं. नाव धम्मदीप, गाव दिघोरी. चित्रं तोच काढतो, आवाज तोच देतो. आणि त्याच्या माहितीप्रमाणे टोंगळ्या पाहणारी माणसं जगात अडतीस, त्यातली सात घरची.

“अडतीस? अडतीस तं तुमाले या फाट्यावरच भेटतील,” मी म्हटलं आणि रंभाबाईंना हाक मारली. रंभाबाईंना अक्षरओळख नाही, पण टोंगळ्या तोंडपाठ. त्यांनी पदर सावरला, मान वाकडी केली आणि सुरू झाल्या, “म्या सांगतो ते ऐक, पण करू नोको.”

तो हसला. काय सांगू, हसताना त्याचे कान आधी हलतात, मग ओठ. मी पाहत राहिले आणि पाहतेय हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा मी घाईघाईनं स्टेपलरमध्ये पिना भरायला लागले. तो आधीच भरलेला होता.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला तर आपलं कर्तृत्व दाखवायचं होतं ना… मी फोनवर सव्विसावा भाग लावला. तो माझ्या खांद्यामागून बघत होता, त्याच्या ओल्या बाहीचा वास येत होता, आणि मला वाटत होतं की हे सहा मिनिटांचं कार्टून जरा लांब असायला हवं होतं. भुरी डबक्यात बसली, टोंगळ्या पडला, भाग संपला.

“पुढचं?” त्यानं विचारलं.

“पुढं नावं आहेत ना. ती कापा लागते. सोळा एमबीच्या वर व्हिडिओ जातच नाही.” फाईल मोठी असली की खाली ती पट्टी येते, तिचं टोक बोटानं डावीकडे सरकवायचं, आकडा सोळाच्या आत आला की पाठवून द्यायचं. मी त्याला करूनही दाखवलं. जिलबी तळून दाखवावी, तितक्या ऐटीत.

“अन् नावांच्या पुढं?”

“नावांच्या पुढं काय रायते?”

त्यानं चार्जिंगला लावलेला आपला फोन घेतला आणि तोच भाग शेवटून लावला. नावं आली. भुरीचा आवाज – कौशल्याबाई, म्हणजे त्याची आई. मग पडदा काळा न होता टोंगळ्या पुन्हा आला, थेट माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “पाय चिखलात, मान खाली, घरी आला तं सोनं. सांगा कोण? उत्तर खाली लिवा. मी उभाच आहो.” आणि एक पाय वर घेऊन तो खरंच उभा राहिला. डोळे मिचकावत. चांगले दहा सेकंद.

खाली एकही उत्तर नव्हतं. आधीच्या भागाखालीही नव्हतं. त्याच्या आधीच्याही.

“सव्वीस कोडे टाकले,” धम्मदीप हळूच म्हणाला. “मले वाटलं, कोणी पाहतच नसन.”

मग बाकीचं त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. नागपूरची एक संस्था शाळांसाठी टोंगळ्या घ्यायला तयार होती. किती जण बघतात, विचारलं. यानं अडतीस दाखवले. त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. आता एका स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओवर फुलं पाडायचं काम मिळालं होतं, तिथेच तो आज निघाला होता. टोंगळ्या बंद.

चूक कळली की माणसानं गप्प बसावं. मी मात्र भांडायला लागले. म्हटलं, इथे रेंज येते ती पाहुण्यासारखी, लिंक उघडता उघडता भाकर करपते, रंभाबाईंना तर लिंक म्हणजे काय तेही ठाऊक नाही. मी पाठवलं म्हणून लोकांनी पाहिलं. मी काही चोर नाही, मी टोंगळ्यावर जीव टाकते.

“मी चोर कुठं म्हणतलं?” तो म्हणाला. “तुमी पाठवलं म्हणून लोकं हसले. पण हसले, हे मले कोण सांगनार होतं?”

बाहेर पंक्चर निघालं होतं, कंडक्टरनं घंटी मारली. त्यानं चार्जर गुंडाळला, जाताना रंभाबाईंना नमस्कार केला, मला “येतो” म्हणाला – आणि आमच्याकडे जाणारी सगळीच माणसं “येतो” म्हणतात, त्यावर भरवसा ठेवायचा नसतो.

त्या दिवशी दुकान मी चारलाच बंद केलं. सव्वीस भागांच्या सव्वीस शेपट्या एका बैठकीत पाहिल्या. प्रत्येक वेळी तो एका पायावर उभा, आणि मला दर वेळी आणखी मेल्याहून मेल्यासारखं. बावीस कोड्यांची उत्तरं मला आली, चिखलातलं ते सोनं म्हणजे धान हेही; तीन रंभाबाईंनी सांगितली, एक कुणालाच येईना. मी एकेका भागाखाली बसून उत्तरं लिहिली. मग सगळ्या शेपट्या अकरा गटांत पाठवल्या आणि सोबत माझा आवाज: “मी प्रतीक्षा, आसगावची झेरॉक्सवाली. टोंगळ्या दिघोरीच्या धम्मदीपनं बनवला, अन् त्याचं नाव मीच कापत होती. चूक माझी आहे. आता त्याच्या चॅनलवर जाऊन उत्तरं लिवा.”

सगळं जग सुधारलं असं मुळीच नाही. कुणी म्हणालं लिंक नको, व्हिडिओच पाठव. एका गटातून मला काढूनच टाकलं. अर्धे लोक जागचे हलले नाहीत. पण उरलेले अर्धे गेले. तिसऱ्या दिवशी एका भागाखाली अठ्ठावन्न उत्तरं होती, त्यातली चाळीस चुकीची.

त्याच्याकडून मात्र एक अक्षर नाही. नऊ दिवस. नागपूरहून लाखांदूरला परतणारी एसटी थांबली की माझी मान आपोआप वर. रंभाबाई म्हणायच्या, मान मोडन एखाद्या दिवशी. आता लपवून काय करायचं, सांगूनच टाकते: मी त्याच्या प्रेमात पडले होते. तासाभराची ओळख, त्यातली अर्धी भांडणात गेलेली, आणि माझ्यामुळे ज्याचं स्वप्न बुडालं तोच नेमका. माझं नशीबही टोंगळ्यासारखंच, उभं राहायला एकच पाय.

मग तान्हा पोळा आला. दुपारी फाट्यावर पोट्टे लाकडी बैल घेऊन जमले. दरवर्षी त्यांच्यात दोन-चार शिवाजी असतात, एखादा पोलीस, एखादी भारतमाता. या वर्षी पाच टोंगळे आले. पांढरी बनियन, पुठ्ठ्याची चोच, आणि पाचही जण बैलाची दोरी धरून एका पायावर उभे. त्यातला धाकटा सारखा पडत होता. रंभाबाई हसून हसून ओट्यावर बसल्या.

मी फोन काढला. निदान हे तरी त्याला पाठवायचं, पूर्ण पाठवायचं, एमबी गेले खड्ड्यात… आणि चित्रीकरण करताना फोनच्या पडद्यावर, पाच टोंगळ्यांच्या मागे, एसटीतून एक सहावा उतरला.

तो तिथेच उभा राहून बघत होता. धाकटा टोंगळ्या त्याच्या पायाशी धपकन पडला. यानं त्याला उचलून उभं केलं, चोच सरळ केली आणि म्हणाला, “म्या सांगतो ते ऐक, पण करू नोको.” पोरं एकदम गप्प झाली. टोंगळ्याचा खरा आवाज आपल्या कानांनी ऐकला की पोरांचं काय होतं, ते त्या दिवशी मी पाहिलं. तोही पाहत होता. त्याचे कान हलायला लागले होते.

माझ्या छातीवर नऊ दिवस बसलेली भुरी उठून गेली. रडू आलं, पण ते सुटकेचं होतं, म्हणून येऊ दिलं.

“राग आहे का अजून?” मी विचारलं.

“होता. मंग उत्तरं वाचत बसलो अन् नवरीच्या बापाच्या तोंडावर फुलं पडले. मालक रागावला.” तो ओट्यावर टेकला. “एका कोड्याले चाळीस लोकांनी वांगं लिवलं. उत्तर वांगं नाही.”

“मंग काय आहे?”

“आता वांगंच ठेवतो. लोकांच्या पुढं जाता येते का?”

नोकरी सोडणार नाही, म्हणाला. आठवडाभर फुलं पाडायची, शनिवारी दिघोरीला यायचं आणि महिन्याला एक टोंगळ्या काढायचा. संस्थेला नवे आकडे पाठवले होते, त्यांचं काय होतं ते पुढे बघू. मग म्हणाला, “तुमचं नाव त्या आवाजातून समजलं. प्रतीक्षा. मी सव्वीस भाग तिचीच तं…”

“हा विनोद मी दहावीपासून ऐकून राहिली,” मी म्हटलं.

“बरं. शेपूट कापतो.”

आम्ही दोघंही हसलो, आणि रंभाबाईंनी न सांगता दोन चहा पाठवले. त्या चहावर तह झाला. ज्यांच्याकडे रेंज आहे त्यांना मी लिंकच पाठवायची. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी तो स्वतः सोळाच्या आत बसणारी फाईल करून देणार. “पण कोडं आता मधात टाकतो,” तो म्हणाला. “काप म्हणावं.”

सत्ताविसावा भाग पुढच्याच महिन्यात आला. बरोबर मध्यावर टोंगळ्या भुरीच्या पाठीवरून वळला आणि म्हणाला, “दर शनिवारी टोंगळ्या नागपूरहून उडते. घर दिघोरीले. पण आसगावच्या फाट्यावर उतरते. तिथं ना बोडी, ना तळं, ना मासे. मंग काहून उतरते? सांगा.”

मी दुकानात बसून तो भाग पाहिला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खाली उत्तरं धो-धो येत होती. टोंगळे दुखतात म्हणून. चहा प्यायले. झेरॉक्स काढाले. मी चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं.

लिहिता येत नसल्याची पंचाईत रंभाबाईंना कधीच झाली नाही. त्यांनी आपला फोन तोंडाशी धरला आणि आपल्या माहेरच्या गटात बोलून मोकळ्या झाल्या. मला मात्र ते मोहाडीच्या मावशीकडून आलं. गाव फिरून. “ही तुमच्याच फाट्यावरची ना?” असं विचारत मावशीनं पुढे ढकललं होतं. बारा सेकंदांचा आवाज:

“अरे त्यात कोडं काय आहे? त्या झेरॉक्सवाल्या प्रतीक्षावर जीव आहे त्याचा. अन् तिचा त्याच्यावर. मी रोज पाहून राहिली. बरोबर असन तं सांगा.”

संध्याकाळपर्यंत ते मला नऊ जणांनी पाठवलं. अकराही गटांत फिरत होतं, मला काढून टाकलेल्या गटातही म्हणे. आणि एकानंही त्यातलं एक सेकंद कापलं नव्हतं.

शनिवारी एसटी थांबली. स्टेपनीत हवा होती, चाकं सगळी ठीक होती, तरी तो उतरला. रंभाबाई आज मुद्दाम पाठ करून भांडी घासत होत्या. धम्मदीप दुकानाच्या पायरीशी आला आणि एक पाय वर घेऊन उभा राहिला. चेहऱ्यावर हसू होतं.

“माझ्याकडे एक उत्तर आलं,” तो म्हणाला. “बारा सेकंदांचं. बरोबर आहे का… ते तूच सांगू शकते.”

त्यानं पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हटलं. मी प्रिंटर बंद केला.

“पाय खाली टेक,” मी म्हटलं. “बरोबर आहे. शेपटीसकट.”