सहावी बांगडी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. गहिनीनाथ आमच्या आज्याचा चुलतभाऊ. म्हातारपणी मी त्याला पाहिलाय, आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

निजामाचं राज्य होतं. मानमोडीची, म्हणजे त्या जीवघेण्या तापाची साथ आली त्याच्या दोन वर्षं आधी, श्रावणातली संकष्टी. आदल्या दिवशी गहिनीनाथ घोंगड्या विकायला बीडला गेला, तेव्हा बायको मनकर्णाही संगं होती. लग्नाला चार वर्षं झाली, तिनं शहर पाहिलं नव्हतं. तिची मागणी एवढीच, बीड बघायचं आणि येताना कपिलधारचा धबधबा. बिचारीनं दुसरं कधी काही मागितलंच नाही.

बीडात तिनं वेशीची कमान मान वर करकरून पाहिली. सरबत प्याली. कासारानं तेल लावून दोन्ही हातांत सहा-सहा लाल बांगड्या चढवल्या. "आता फुटल्याबिगर निघायच्या न्हाईत, बाई," म्हणाला. ती हसली. गहिनीनाथाला ते हसू फार आवडलं, पण तो गप्प. बायकोशी चारचौघांत बोललं की लोक बाईलवेडा म्हणायचे. तो दहा पावलं पुढं, ती मागं, आणि वाटेत वळून बघायचं नाही. मोठी मर्दुमकीच की नाही!

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना कपिलधारला आले. पाणी कड्यावरून धो धो कोसळत होतं. मनकर्णा जागीच खिळली.

"अवो, जराशीक थांबू का? जवळून बघते."

देवळापाशी त्यांच्याच वाडीतले चार गडी बसलेले. गहिनीनाथाला लाज वाटली.

"ये मागून," एवढं बोलून तो चालू लागला.

हाकेच्या अंतरावर गेला आणि मागं बांगड्या वाजल्या. आली. त्याला बरं वाटलं.

वाडी तीन कोस. अंधार पडला, चंद्र उगवायचा होता. वाटेला चिटपाखरू नाही. तेव्हा कुठं गहिनीनाथाचं तोंड उघडलं, मायेनं, चार वर्षांत पहिल्यांदा.

"मनकर्णा, दिवाळीला परत जाऊ बीडाला. तुला लुगडं घ्यायचं हाय."

बांगड्या किणकिणल्या.

"लई दमलीस का गं?"

मागं नुसती किणकिण.

"राग आला व्हय? गडी बसलते म्हनून मी..."

पुन्हा बांगड्या वाजल्या.

वाडीच्या ओढ्याला मांडीभर पाणी. त्यानं न बघताच हात मागं केला. "धर."

हात आला. गार. ओला.

पण ओढ्यात अजून पाऊलही पडलं नव्हतं...

त्यानं मनगट घट्ट धरलं. पार झाला. सोडलं नाही. वळला नाही.

उपास सोडायला चंद्राची वाट बघत त्याची आई साखराबाई दारात उभी होती. हातात रॉकेलची चिमणी. ती त्याच्या मागं बघत राहिली.

"सून कुठं हाय रं?"

तो वळला.

कोणी नाही.

मूठ तशीच आवळलेली. उघडली. लाल बांगडी... अख्खी.

पलिते घेऊन माणसं धावली. पहाटे ती धबधब्याखालच्या डोहात सापडली. देवळापाशी बसलेल्यांपैकी एकजण खाली मान घालून म्हणाला, "गहिनीनाथ, तुज्या मागं कुनीच आलं न्हाई. आमाला वाटलं, बाई देवळात गेली."

डाव्या हातात सहा बांगड्या होत्या. उजव्यात पाच. फुटलेली एकही नव्हती.

त्यानंतर गहिनीनाथ कुणाच्याच पुढं चालला नाही. मी पोर होतो, मलाही म्हणायचा, "तू व्हय पुढं, मी हाय मागं."

बांगडी त्याच्या घरात खुंटीला असायची. एकदा मी ती काढून हातात घेतली. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, ओढा कोरडा पडलेला.

बांगडी ओली होती.