एमर्वा

अस्नाकेचने कॉफीच्या बिया तव्यावर परतल्या आणि धूर हाताने पाहुण्याच्या तोंडाकडे वळवला. तो वास छातीभर ओढून घ्यायचा, ही रीत. प्रोफेसर अस्रेस गेलावने ओढला आणि ठसका लागल्याचं निमित्त करून मान फिरवली. तेवीस वर्षांपूर्वी तो याच चुलीपाशी सात आठवडे बसला होता. तेव्हा तवा अस्नाकेचच्या आईच्या हातात असायचा.

आईचं नाव यिताइश. अबाय नदीच्या दरीकाठच्या या गावात गफात भाषा बोलता येणारी ती शेवटची. बाकी गाव कधीच अम्हारिक बोलू लागलं होतं. "भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही रे लेकरा," ती म्हणायची. "कोंबड्यांना शिव्या घालते, तेवढीच बोलते." अस्रेस एकेक शब्द लिहून घ्यायचा. दूध, राख, सासू, विंचू. म्हातारी हौसेने सांगायची, चुकला की त्याच्या गुडघ्यावर चापट मारायची.

त्याला मात्र हवा होता एकच शब्द. त्या काळी आदिस अबाबाच्या विद्वानांत वाद पेटला होता: गीझ, अम्हारिक, तिग्रिन्या, गफात या साऱ्या बहिणी-बहिणी भाषा अरबस्तानातून तांबडा समुद्र ओलांडून आल्या, की इथल्याच मातीत उगवल्या? अस्रेस समुद्राच्या बाजूचा. समुद्र कधी न पाहिलेल्या या डोंगरी लोकांच्या बोलीत जहाजाला स्वतःचा जुना शब्द सापडला, तर त्यांचे पूर्वज जहाजातून आले असं ठासून सांगता येणार होतं.

शेवटच्या दिवशी त्याने विचारलं. म्हातारीने चुलीतली राख उकरली. "नाही रे," ती म्हणाली. "तसलं काही आमच्यात नव्हतंच."

मार्चमध्ये तो राजधानीत परतला. जूनमध्ये गावच्या पाद्र्याची दोन ओळींची चिठ्ठी आली: यिताइश गेली. आणि सप्टेंबरात, भाड्याच्या खोलीत, धर्मग्रंथांच्या जुन्या गीझ भाषेतल्या जहाजाच्या शब्दावरून ध्वनींचे नियम लावत त्याने एक शब्द घडवला. 'एमर्वा.' प्रबंधात त्याच्यापुढे लिहिलं: 'यिताइश हिच्या तोंडून ऐकला.' विचारायला आता कोणी नव्हतं. त्या एका ओळीवर त्याला पदवी मिळाली, खुर्ची मिळाली, परदेशची निमंत्रणं मिळाली. रात्री दिवा मालवताना मात्र गुडघ्यावरची ती चापट आठवायची.

आता पुढच्या महिन्यात एक जर्मन विद्वान येणार होता. त्याला म्हातारीच्या आवाजातला तो शब्द ऐकायचा होता. तसली टेप नव्हतीच. म्हणून अस्रेस बसने आणि मग खेचरावरून इथवर आला होता. अस्नाकेचला शब्द शिकवायचा, तिचा आवाज टेप करायचा आणि आईचा म्हणून खपवायचा. लेकीचा गळा आईसारखाच होता.

"आणखी एक कप घ्या. तीन झाल्याशिवाय उठायचं नाही."

"अस्नाकेच, आईची बोली तुला थोडीफार येते का गं?"

"कुठली हो! तिने शिकवलीच नाही. बाजारात पोरी हसायच्या, माकडांची बोली म्हणायच्या." तिने निखारे सारखे केले. "एकच शब्द राहिलाय. एमर्वा."

अस्रेसने कप खाली ठेवला. टेपरेकॉर्डर अजून पिशवीतच होता. शेवटचा 'वा' तिने ओठ गोल करून म्हटला होता. त्याने त्या भाड्याच्या खोलीत मनाशी धरला होता, अगदी तसा. त्याच्या प्रबंधाची एकही प्रत या डोंगरावर आली नव्हती, आणि अस्नाकेचला लिहिता-वाचता येत नव्हतं.

"कोणी सांगितला तुला?"

"आईनेच. तुम्ही गेलात आणि तिची झोप उडाली. तुम्ही जाता जाता काहीतरी विचारलंत ना? ते तिच्या मनाला लागलं. म्हणायची, बापाने सांगितला असणार, मीच हरवला. एवढ्या लांबून पोरगं आलं आणि मी त्याला रिकाम्या हाताने पाठवलं." अस्नाकेच हसली, पण हसू टिकलं नाही. "रोज कड्यावर जाऊन बसायची. तोंडातल्या तोंडात जुळवत राहायची. जेवण सुटलं. मग पावसाच्या तोंडावर एक दिवस उड्या मारतच घरी आली. म्हणाली, सापडला!"

पावसाच्या तोंडावर म्हणजे जून. त्याने तो घडवला, तेव्हा पाऊस संपून गेला होता.

अस्रेसने पिशवी बाजूला सारली. "अस्नाकेच, ऐक. तो शब्द खोटा आहे. तिने मला दिला नव्हता. मी बनवला आणि तिच्या नावावर खपवला. आजही मी त्याच पापासाठी आलोय. तुझ्या आईने काहीही हरवलं नव्हतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, कोड्यात पडल्यासारखी.

"खोटा कसा असेल? त्यात बसून तर ती गेली."

"गेली म्हणजे... वारली ना?"

"अंग कुठे मिळालं आम्हाला? दरीत पडली असेल म्हणून माणसं उतरवली. तीन दिवस शोधलं." तिने शाल डोक्यावरून घेतली. "चला, दाखवते."

दुपारचं लख्ख ऊन होतं. तेफ या बारीक धान्याच्या हिरव्या शेतांमधून दोघं कड्याशी आली. शेत संपलं की जमीनच संपत होती. हजार मीटर खाली अबाय तपकिरी दोऱ्यासारखी पडली होती. वारा नव्हता.

कड्याच्या अगदी टोकाला माणसाच्या कमरेएवढा दगड उभा होता.

त्याच्याभोवती तीन बोटं खोल खाच पडली होती.

अशी खाच अस्रेसने मसावाच्या बंदरात पाहिली होती. जहाजांचे दोर शेकडो वर्षं घासून पडतात तशी.

त्याने खाचेत बोट घातलं. ओलं झालं.

त्याने ते जिभेला लावलं.

खारट.

समुद्र डोंगरांपलीकडे होता, कित्येक दिवसांच्या वाटेवर.

"आई गेली त्या दिवशी हा दगड असाच ओला होता, मग इतकी वर्षं कोरडाठाक," अस्नाकेच हळू आवाजात म्हणाली. "येतो म्हणून तुमचं पत्र पाद्र्याने वाचून दाखवलं ना, त्या सकाळपासून ओला आहे."