दोन आठवड्यांचं खोटं

पोर्ट मर्सरमध्ये बर्फ पडला की आधी स्वतःचं अंगण साफ करायचं की स्टेडियम, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. रविवारी गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, बार्जमेनचा, प्लेऑफचा म्हणजे बाद फेरीचा सामना असला, की शनिवारी सकाळी अर्धं गाव फावडी घेऊन स्टेडियमच्या दारात हजर. त्या शनिवारी तर सरोवरावरून असा बोचरा वारा सुटला होता, की नाक जागेवर आहे की गळून पडलं हे हात लावून बघावं लागे.

शाळेत मुलींना फुटबॉल शिकवणाऱ्या लिडिया वोझनियाकने आपली रांग नुकतीच साफ केली होती. कंबर सरळ करून वळली, तर वरच्या पायरीवरचा एक उंच माणूस खुशाल त्याच रांगेवर बर्फ फेकत होता. डोक्यावर टोपी, तोंडाभोवती मफलर, दिसत होते ते फक्त डोळे.

"ओ महाशय! माझ्या साफ केलेल्या रांगेवर टाकताय!"

"सॉरी… वारा आहे ना."

"वाऱ्याला कशाला बोल लावता? पाय बघा तुमचे. नुसत्या हातानं फेकताय. पाय रोवायचे, कंबर फिरवायची, हात सगळ्यात शेवटी. आमचा चेंडू फेकणारा गडी, तो क्वार्टरबॅक, हल्ली असंच करतो. वय झालं की पाय हलवायचा आळस, मग सगळा भार खांद्यावर."

माणूस फावड्यावर रेलला. "इतकं वय झालंय त्याचं?"

"एक्केचाळीस! या खेळात म्हणजे आजोबाच की."

"आणि त्याचा कोच काय करतो?"

"कायल ना? तो टाळ्या वाजवतो. फेक चांगली पडली, टाळ्या. चेंडू मातीत गेला, तरी टाळ्या. अशानं कुणी सुधारतं का?"

त्या माणसाने मफलर खाली ओढला. हा चेहरा लिडियाने बसथांब्यावर, पावाच्या वेष्टनावर आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाहिला होता. धरणीने पोटात घ्यावं, असं तिला झालं. पण धरणीवर गुडघाभर बर्फ!

"एमेट डार्बी," तो म्हणाला. "आजोबा."

"मी… म्हणजे तसं नव्हतं म्हणायचं…"

"तसंच होतं. पाय कसे रोवायचे म्हणालात?"

हसताना त्याच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या जमल्या. कॅलेंडरवाल्यांनी त्या पुसून टाकल्या होत्या. उगाच पुसल्या, असं लिडियाला वाटलं… आणि असं वाटलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

रविवारी बार्जमेन जिंकले. आणि मंगळवारी संध्याकाळी, लिडियाच्या शाळेतल्या मुली सराव आटोपून घरी गेल्यावर, तो चेंडू घेऊन जिमच्या दारात उभा राहिला.

"ते पायांचं पुन्हा सांगाल, कोच?"

"तुमच्याकडे पगारी कोचांची फौज आहे."

"त्यातला एकही मला रागवत नाही. मी म्हणजे त्यांची नोकरी. मला कोण दुखावणार?"

मग रोजच तो येऊ लागला. बाहेर पाच वाजताच काळोख, छतावरून बर्फाचे ढिगारे धपकन घसरायचे आवाज, आणि आत ती दोघं. तो फेकायचा, ती झेलायची. मुलींना शिकवताना लिडियाने हजारो चेंडू झेलले होते, पण हे वेगळंच प्रकरण होतं. पहिल्याच दिवशी तिचे तळहात लालबुंद झाले, घरी गेल्यावर चहाचा कप धरवेना.

"जरा हळू फेक की रे! माणसाचे हात आहेत हे," ती म्हणाली. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"हळू फेकलं तर म्हणशील, आजोबा थकले."

"थकलेच आहेत. कालची ती तिसरी फेक… शी! माझ्या शाळेतली सातवीची पोरगी बरी फेकते."

"मग तिलाच घ्या की संघात." असं म्हणत तो जवळ यायचा, तिचे हात उलटे करून बघायचा, आणि स्वतःच्या खांद्यासाठी आणलेली बर्फाची पिशवी तिच्या तळहातांवर ठेवायचा. ठेवून झाल्यावर हात काढायला विसरायचा. तीही आठवण करून द्यायची नाही.

एकच गोष्ट होती, जी त्या जिममध्ये आली की लिडियाचं मन खट्टू व्हायचं. रोज साडेपाचच्या सुमाराला त्याचा फोन वाजायचा. दूरच्या टूसॉन शहरातून, जोसीचा. जोसी त्याची अकरा वर्षांची लेक, आईजवळ राहायची. आईबापांचा काडीमोड होऊन बरीच वर्षं झाली होती.

"बाबा, संपलं का तुमचं?"

"अजून एक सामना, राणी. मग कायमचा येतो. तुझ्या रस्त्यावरच घर घेतलंय ना?"

"मागच्या वर्षीपण असंच म्हणाला होतात."

तो फोन ठेवायचा. लिडिया उगीच चेंडूतली हवा तपासत बसायची. हंगाम संपला की हा त्याच आठवड्यात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कबूल करायला लाज वाटावी अशी गोष्ट, पण हल्ली ती संघासाठी नाही, कॅलेंडरसाठी, हंगाम लांबावा म्हणून प्रार्थना करत होती.

दुसरा सामनाही बार्जमेन जिंकले, पण शेवटी-शेवटी समोरचा एक धिप्पाड गडी एमेटच्या उजव्या खांद्यावर पडला. एमेट उठला, हात झटकून पुढे खेळला. लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं.

"दुखतंय?" दुसऱ्या दिवशी लिडियाने विचारलं.

"आखडलंय जरा."

"कायलला सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हणाला, 'तू आहेस ना, मग मला कसली काळजी!' आणि टाळी वाजवून गेला."

गुरुवारी तो नेहमीपेक्षा लवकर आला. जिमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांब, तिरकी फेक, ज्या फेकीवर त्याचं आख्खं आयुष्य उभं होतं, ती त्याने पुन्हा पुन्हा फेकली. लिडियाने प्रत्येक चेंडू झेलला. चेंडू नीट येत होते. दिशा बरोबर, उंची बरोबर… फक्त तिचे तळहात चुरचुरत नव्हते. एकदाही नाही. चेंडू असा अलगद येऊन विसावत होता, जणू कुणी झोपलेलं मांजर हातात दिलं.

एमेट घामाघूम होऊन तिच्यासमोर आला.

"आता खरं सांग. मला आतून कळत नाहीये. खांदा सुन्न करून घेतो, मग सगळंच बरं वाटतं. रविवारी उघड्यावर, सरोवराच्या वाऱ्यात, ही फेक पोचेल? नसेल पोचणार तर माझ्या जागी राखीव ट्रेला पुढे करतो. पोरगा तयार आहे. मी आज रात्री सामान बांधतो आणि जोसीला सांगतो, या वेळी बाबा वेळेवर येतोय."

लिडियाने चेंडू दोन्ही हातांत फिरवला.

"कोच? तू सांगशील ते ऐकेन. दुसऱ्या कुणाचं नाही ऐकणार."

मुलींना खरं सांगण्याबद्दल लिडियाचा शाळेत दरारा होता. पालक तक्रारी घेऊन यायचे, तरी ती बधायची नाही. खोटी शाबासकी देणारा कोच म्हणजे गोड बोलणारा चोर, असं ती भर सभेत म्हणाली होती. आणि आता तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. रविवारी जिंकले, तर अंतिम सामना दोन आठवड्यांनी. म्हणजे तो आणखी दोन आठवडे इथे. दोन आठवडे… आणि 'नाही' म्हटलं, तर उद्याच रिकामी जिम.

"पोचेल की," ती म्हणाली. "मस्त फेकतोयस."

त्याने डोळे मिटले, मोठा श्वास सोडला, आणि तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. "तू म्हणालीस ना… मग झालं."

तेवढा एक क्षण लिडियाला हवा होता, आणि तो मिळाला तेव्हा तिला रडू येत होतं.

रविवारी आभाळ इतकं खाली आलं होतं, की दुपारीच दिवे लावले. लिडिया ऐंशी हजार माणसांत, अगदी वरच्या रांगेत उभी होती. शेवटचं मिनिट, बार्जमेन चार गुणांनी मागे. एमेटने मैदानाबाहेर बघितलं, कायलचा इशारा मागितला. कायलने दोन्ही हात पसरले. तुला वाटेल ते कर! एक वेळ चुकीचा हुकूम परवडला असता.

एमेटने पाय रोवले, अगदी तिने शिकवले तसे, आणि ती फेक फेकली.

चेंडू सुंदर निघाला. मग वाऱ्यात जरासा थांबल्यासारखा झाला. लिडियाने हात पुढे केले, इतक्या उंचावरून, वेड्यासारखे. चेंडू त्याच्या भिडूच्या अलीकडेच खाली आला, थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. स्टेडियममधून जो आवाज निघाला, तो ऐकवत नव्हता.

सोमवारी सॉसेजच्या दुकानाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यावर कुणीतरी एमेटचा शर्ट अडकवून ठेवला होता. लिडियाने तो काढून घेतला. दुकानदार म्हणाला, "कशाला बाई? म्हाताऱ्याला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."

मंगळवारी एमेट आला. चेंडू आणला नव्हता. भिंतीपाशी बाकावर बसला, उजवा हात झोळीत बांधलेला.

"त्या दिवशी मी खोटं बोलले," लिडियाने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, त्याच्या बोलण्याचीही वाट बघितली नाही. "फेक पोचणार नाही, हे मला माहीत होतं. माझ्या हातांना कळलं होतं."

एमेटने खिडकीबाहेर छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघितलं.

"सगळ्यांनीच गोड बोलून मला इथवर आणलं," तो म्हणाला. "पण त्यांचं मला काही वाटलं नाही गं. तू पण?"

"मी पण."

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून! दोन आठवडे मिळतील म्हणून. नुसते दोन आठवडे, एमेट… त्यासाठी तुझा हात, तुझं नाव, सगळं पणाला लावलं मी. प्रेम करते म्हणून असं केलं, असं म्हणायचं होतं. पण हे प्रेमासारखं दिसतही नाही."

तो उठला. ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने डाव्या हाताने तिचं तोंड वर केलं.

"दिसतं," तो म्हणाला. "म्हणून तर राग नीट येत नाहीये. मलाही रोज इथे यायला पाय रोवायला शिकायचं निमित्त लागत होतं ना? हे बघ… मी राहतो. इथेच. लोक शिव्या देतील, देऊ देत. जोसीला सुट्टीत बोलावून घेऊ. काल ती म्हणाली, 'चालेल बाबा, तुम्ही सुट्टीतच भेटा.' राहू का मी? खरं सांग."

चालेल बाबा. अकरा वर्षांची पोर ज्या सहजपणे 'चालेल' म्हणायला शिकली होती, तो सहजपणा लिडियाच्या काळजात रुतला.

"माझी इच्छा विचारतोस, की कोचचं मत?"

"मत."

"मग जा. आजच जा."

"आणि इच्छा?"

"ती विचारू नकोस ना… पुन्हा खोटं बोलेन मी."

त्याने तिला जवळ घेतलं, एका हाताने, अवघडून. ओल्या लोकरीचा आणि मलमाचा वास तिच्या नाकात भरला. तिच्या केसांत तोंड खुपसून तो काहीतरी पुटपुटला. ते प्रेमाचंच होतं, आणि ते ऐकून त्याला जाऊ देणं सोपं झालं नाही. मग तो गेला.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पण ती हलली नाही. नुसतीच घरघरत उभी राहिली. काचेवर आलेल्या बर्फाला वितळायला लागतो, त्याहून कितीतरी जास्त वेळ. लिडिया भिंतीपाशी, त्या बाकाजवळ उभी होती. दारापर्यंत गेले, नुसतं दार उघडलं, तरी तो इंजिन बंद करेल, हे तिला ठाऊक होतं. तिने दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून ठेवला, आवाज फाटकाबाहेर जाऊन विरेपर्यंत.