उमेरचा नंबर

झुबेदाने राजिवड्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं. कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या, की ती भाजी निवडायला घ्यायची. नवरा वारल्यापासून घरात ती आणि मुलगा उमेर, दोघंच. उमेर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याला ओमानमधल्या सलालाच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. जाताना म्हणाला, ‘‘उतरलो की आधी तिथलं सिम घेतो. मग रोज फोन करीन.’’

दुसऱ्याच दुपारी ओमानच्या नंबरवरून फोन आला.

‘‘अम्मी, पोचलो. जेवलीस ना?’’

मग फोन रोजच येऊ लागला. झुबेदा खाडीकडच्या पडवीत बसून बोलायची. खालून होड्यांना लावलेल्या तेलाचा वास यायचा, समोर भाट्याचा पूल आणि कानाशी उमेर. खोली हवेशीर आहे, दारात नारळ आहेत, अगदी आपल्यासारखे, असं तो सांगायचा. घरी दोन शब्द बोलायचा कंटाळा करणारा मुलगा आता तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. मासे घेऊन येणारी सावित्री एकदा त्याच्याशी बोलली आणि म्हणाली, ‘‘परदेशाने पोराला शहाणा केलान हो, भाभी.’’

झुबेदा सुखात होती.

एका सकाळी दुसऱ्याच नंबरवरून उमेर बोलला. आवाज थकलेला, घाईतला.

‘‘अम्मी, काळजी करत असशील. माझा पासपोर्ट वर्कशॉपच्या ऑफिसात अडकलाय, त्याच्याशिवाय इथे सिम देत नाहीत. हा सोबत्याचा फोन आहे, केरळचा आहे तो.’’

‘‘अरे, कालच तर आपण बोललो.’’

‘‘काल? मी आल्यापासून पहिल्यांदा करतोय.’’

तिने तो नंबर ‘केरळवाला’ म्हणून साठवून ठेवला.

दुपारी नेहमीचा फोन आला. कुणीतरी थट्टा करत असेल, तर ती पकडायची असं तिने ठरवलं होतं.

‘‘लहानपणी पुलावर तुझं काय हरवलं होतं?’’

‘‘चप्पल. ओहोटीबरोबर गेली.’’ तो हसला. मग हळूच म्हणाला, ‘‘आणि मी पोटात होतो, तेव्हा तू त्याच पुलावर उभी राहून रडली होतीस. उडी मारणार होतीस. मग माघारी फिरलीस.’’

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

‘‘बरं केलंस, अम्मी,’’ तो म्हणाला. ‘‘जेवलीस ना?’’

फोन ठेवावा असं तिला वाटलं. पण ती म्हणाली, ‘‘जेवले.’’

पुढे ‘केरळवाला’ वरून एकदाच फोन आला. पासपोर्ट आता मिळेल, मग सिम घेतो, एवढंच उमेर बोलला. त्यानंतर दुपारच्या फोनवर आवाज आला, ‘‘अम्मी, मिळालं गं सिम. आता हाच नंबर.’’

‘‘हा तर तुझा पहिल्यापासूनचा नंबर.’’

‘‘दुकानदाराने दिला तो घेतला.’’

झुबेदाने जास्त विचारलं नाही. दोन होते, त्यांचा एक झाला. तिला हलकं वाटलं.

रमजान ईदला उमेर सुट्टीवर आला. थोडा भरला होता, उन्हाने रापला होता. आल्या आल्या त्याने परसातला नळ दुरुस्त केला, तिचे गुडघे चेपून दिले. दुपारी ती त्याला समोर बसवून जेवू घालत होती. बांगड्याचं तिखलं त्याला फार आवडलं होतं.

फोन वाजला. केरळवाला.

‘‘अम्मी,’’ पलीकडे उमेर होता. आवाज खोल गेलेला. ‘‘किती दिवस तुझा फोनच लागत नव्हता. पासपोर्ट अजून मिळाला नाही गं. ईदलाही येता आलं नाही.’’

झुबेदाने समोर पाहिलं. तो सावकाश काटे काढत होता.

‘‘कोण आहे, अम्मी?’’ त्याने मान वर न करता विचारलं.

फोनमधून लगेच प्रश्न आला.

‘‘अम्मी, तिथे माझा आवाज कसा येतोय?’’

झुबेदाने फोन बंद केला.

‘‘राँग नंबर,’’ ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.